मुठीचा रकाना

हे लिहायचं नाही असं जवळजवळ पक्कं केलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. आजकाल फोनवर काही टाइप केलं की ते आपल्या एकट्याचं राहत नाही. कुणीतरी वाचतं, तोलतं, वजन किती ते ठरवतं. माझ्या शब्दाचं वजन किती भरतं ते मला आता आकड्यासकट माहितेय, पुढं येईलच. तरी लिहितोय. जेवणाच्या सुट्टीत, स्टँडवर, जमेल तसं तुकड्यातुकड्यात.

मी दिग्विजय. सगळे दिग्या म्हणतात. गडहिंग्लजला ‘तिकटी मसाले’मध्ये कामाला. शिक्षण बारावी, तीपण सायन्स घेऊन आपटलो. कॉम्प्युटर व्हिडिओ बघून शिकलो. चुकत, शिव्या खात. तरी कंपनीतलं सगळं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं, कारण दुसरं कुणी नाही.

कंपनी म्हणजे मुळात मसाल्याचा डंक, कुटायची गिरणी. उन्हाळ्यात बायका घरून मिरची, धणे, खोबरं भाजून आणायच्या आणि आमच्या लोखंडी उखळात कुटून न्यायच्या. मालकीणबाई कुसुमताई घुगरे यांनी त्यात डोकं चालवलं. प्रत्येक घराचा मसाला वेगळा असतो ना? मग त्या त्या बाईच्या नावानंच विकायचा. बिलकीस खालांचा मटणाचा, पाटलीणकाकूंचा जाळ, कोरी अव्वांचा बिनतिळाचा. चाळीसेक घरं झाली. माल पुण्याला, बंगळुरूला, दुबईला जायला लागला.

डंकावरच्या दोन रीती सांगायला पाहिजेत.

एक, उखळ रितं सोडायचं नाही. एकीचा मसाला काढून झाला की मूठभर आत ठेवायचा, पुढच्या बाईसाठी. रितं उखळ वाजलं की घरात भांडणं होतात म्हणतात. खरं खोटं देव जाणे. आता उखळ स्टीलचं आलं, मुसळं मोटारीवर उठतात, पण मूठ राहिली.

दुसरी, नवीन मसाल्याचं पहिलं पाकीट जिच्या नावाचा मसाला तिच्या घरी. मानाचं.

दोन्ही चांगल्या रीती आहेत. मला अजून तसंच वाटतं.

तर सॉफ्टवेअर. चाळीस घरं झाल्यावर भानगड अशी झाली की ऑनलाइन दुकानांना प्रत्येक मालाची माहिती पाहिजे. घटक काय, मिरची कुठली, किती दिवस टिकतो, कशाकशाची ॲलर्जी होऊ शकते. एका मसाल्याला दोनशेच्या वर रकाने. एक रिकामा राहिला तर दुकान माल लावून घेत नाही. ताई म्हणाल्या, “दिग्या, एक चांगलं सॉफ्टवेअर बघ. सगळी माहिती एका जागी पाहिजे. आणि परत परत मला विचारायचं नाही.”

शेवटी दोन उरली. एकाचं नाव ‘कोठी’, दुसऱ्याचं ‘संगती’. दोन्ही आठ-आठ दिवस फुकट चालवून बघितली.

कोठी म्हणजे सरकारी कारकून. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणून ठेवणार आणि जोवर कुणी माणूस येऊन सांगत नाही तोवर माल अडवणार. अव्वांच्या बिनतिळाच्या मसाल्याला तिनं विचारलं, ‘या बॅचच्या आधी याच उखळात काय होतं? उखळ धुतलं का? धुताना कोणी पाहिलं?’

मी डंकावर गेलो. तिथं यल्लूबाई, आमच्यातली सगळ्यात जुनी बाई.

“यल्लूबाई, याच्या आधी उखळात काय होतं?”

“मागच्या बाईची मूठ.”

“ते कुठल्या रकान्यात लिहू?”

“तुझ्या कपाळावर लिही,” ती म्हणाली. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ताई मागंच होत्या, त्यापण हसल्या. मीपण. पार्सलची गाडी दारात हॉर्न वाजवत उभी आणि कॉम्प्युटर विचारतंय उखळ धुताना कोणी पाहिलं.

संगतीचं तसं नाही. ती विचारत नाही, भरते. चहा येईस्तोवर चाळीस मसाल्यांचे सगळे रकाने भरून मोकळी.

ती हे कसं करते ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. जगातल्या करोडो मालांच्या नोंदी तिनं बघितल्यात. कशाबरोबर काय येतं, कुठल्या कारखान्यात काय पद्धत असते, हे तिला सवयीनं माहीत. आपण नवीन बाई बघितली की गळ्यातलं, बोलणं, चालणं बघून अंदाज बांधतो ना कुठल्या गावची? तसंच. घटकांच्या यादीत तीळ नाही, नावातच बिनतिळाचा, फोटोत तीळ दिसत नाही, असल्या मालाच्या लाखो नोंदींत तीळ नसतो. झालं. ‘तीळ: नाही. खात्री ९९.४.’ उखळ धुण्याची पद्धत? आपल्यासारखे बाकीचे कारखाने धुतात. ‘प्रत्येक बॅचआधी.’ भरलं.

खोटं ती बोलत नाही. जास्त करून जे असतं तेच सांगते. आणि जास्त करून ते बरोबर येतं, म्हणून तर सगळं जग वापरतं.

मी तक्ता करून ताईंना दाखवला. वेग, खर्च, दुकानांशी जोडणी, सगळीकडं संगती पुढं. ताईंनी एवढंच विचारलं, “माझ्या जागी तू असतास तर काय घेतलं असतंस?”

“संगती.”

“मग घे की.”

आता महांतेशचं. महांतेश कोरी, अव्वांचा मुलगा, माझा पहिलीपासूनचा दोस्त. घरी कानडी, अव्वांचं मराठीपण कानडी वळणाचं. मी त्याला म्हांत्या म्हणतो. त्याच्या बायकोला, भाग्यश्रीवहिनीला, तिळाची ॲलर्जी. साधी खाज नव्हे. कण जरी पोटात गेला तर घसा सुजून बंद. लग्न ठरतानाच वहिनीनं सांगितलं होतं, आणि अव्वा म्हणाल्या होत्या, “तीळ काय, घरातनं काय पन काढीन. पोरगी पायजे.” सून यायच्या आधी त्यांनी डबे उकळून घेतले. बिनतिळाचा मसाला तिथनं आला. आधी अव्वा स्वतः डंकावर यायच्या, हंगामाच्या सुरुवातीला एकदा डंक धुतात तेव्हा पहिला नंबर लावून आपल्या डोळ्यांदेखत कुटून न्यायच्या. कंपनी झाल्यावर त्यांच्या नावाचा मसाला आम्हीच करायला लागलो. गुडघे पण दुखायचे त्यांचे. मीच म्हणालो होतो, “अव्वा, कशाला येताय? तुमचंच पाकीट आणून देतो की घरी.”

वहिनीच्या मनगटावर हॉस्पिटलनं दिलेली पट्टी होती. ॲलर्जी असलेल्या सगळ्यांना मिळते ती. पाकीट समोर धरलं की पट्टी त्या मालाची नोंद वाचते. चालत असेल तर हिरवी, नसेल तर लाल. खाऊन काही झालं तरी तीच बघते, अन्नातनं झालंय की दुसऱ्या कशानं, आणि ॲलर्जी उतरवणारी सुई घ्यायची की नाही ते सांगते.

पट्टी अन्न चाखत नाही. नोंद वाचते. हे माझ्यासकट सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

मे महिन्यात नवीन मसाला निघाला. मानाचं पाकीट मी स्वतः देऊन आलो. वहिनीनं पट्टी लावली, हिरवी झाली. तिनं हात माझ्याकडं करून म्हटलं, “बघा भावजी, तुमच्या कंपनीचा सिग्नल मिळाला.” अव्वांनी त्यादिवशी काटा वांग्याची भाजी केली, भाकरी केली.

पुढचं म्हांत्यानं सांगितलेलं. जेवण अर्धं झालं आणि वहिनी म्हणाली घशात कसंतरी होतंय. पट्टीकडं बघितलं. हिरवी. पट्टीवर अक्षरं आली, ‘अन्नातून धोका दिसत नाही. दम्याचा त्रास असू शकतो. शांत बसा.’ सुईचं पेन कपाटात होतं, चार पावलांवर. म्हांत्या उठलापण होता. वहिनीच म्हणाली, थांबा, उगीच सुई नको, हिरवी आहे की. ते बसून राहिले. शांत.

सुई दिली तेव्हा उशीर झाला होता.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा म्हांत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता आणि पट्टी त्याच्या हातात होती. अजून हिरवी.

असा मृत्यू झाला की आता कारणशोध आपोआप होतो. पोलीस येऊन विचारपूस करतात असं काही नाही. हॉस्पिटलची यंत्रणा सगळ्या नोंदी गोळा करते. काय खाल्लं, कुठनं आणलं, घरात गेल्या वर्षात काय काय आलं. रक्तात तिळाचा अंश सापडला. मसाल्याची नोंद स्वच्छ. वांगी, शेंगदाणे, तेल, पीठ, सगळं स्वच्छ. मग राहिलं काय? जानेवारीत अव्वांच्या फोनवरनं दोन किलो तीळ घेतलेला.

तो तीळ संक्रांतीच्या तिळगुळासाठी मठात दिलेला होता. दुकानातनं थेट मठात गेला, घरात दाणासुद्धा आला नाही. पण नोंदीत ग्राहक अव्वा आणि पत्ता घरचा.

निकाल आला. ‘संभाव्य कारण: घरगुती हाताळणी. घरात साठवलेल्या तिळाचा संसर्ग. खात्री ९७. स्वरूप: अपघात.’

गुन्हा नाही, शिक्षा नाही. नुसतं एक वाक्य. पण त्या वाक्याचा अर्थ एवढाच की सासूच्या हातनं सून गेली. वहिनीच्या माहेरच्यांनी ते वाचलं. दिवसकार्याच्या वेळी तिचा भाऊ अव्वांसमोर हात जोडून म्हणाला, “तुमचा दोष न्हाई, मावशी. चुकून झालं.” शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला मूठ आठवली ती त्यावेळी. तिथंच, पंगतीत बसलेलो असताना. अव्वांच्या बॅचच्या आधी पाटलीणकाकूंचा मसाला होता. त्यात तीळ ओंजळीनं असतो.

मी ताईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. मग स्वतःहून आमच्याकडं राखून ठेवलेला नमुना लॅबला पाठवला. हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच पाहिजे. लॅबचा निकाल आला, तीळ नाही.

येणार कसा? मूठ उखळाच्या तळाला असते. पहिल्या काढीबरोबर निघून येते, एका-दोन पाकिटांत जाते. नमुना आम्ही मधल्या काढीतला घेतो. आणि पहिलं पाकीट मानाचं. ते अव्वांच्या घरातनं कधीच गेलेलं. सुतकात स्वयंपाकघर धुऊन काढलं तेव्हा उघडे डबे, पाकिटं, सगळं बाहेर टाकलं होतं.

“ताई, पण तुम्हाला माहितेय ना मूठ असते ते?”

“मला माहीत असून काय करू, दिग्या? लॅब काय म्हणते बघ की. चाळीस घरांच्या चुली आहेत यावर.” मग हळू म्हणाल्या, “उद्यापासनं उखळ धुवायला लाव.”

म्हणजे त्यांना पटलं होतं.

मी संगतीत शिरलो. बॅच उघडली. ‘तीळ: आहे. आधीच्या बॅचची मूठ उखळात होती.’ भरलं. सेव्ह केलं. उत्तर आलं.

‘तुमची नोंद जतन केली आहे. सध्या ग्राह्य नाही. वजन ०.०३. कारण: इतर साक्षींशी विसंगत. नोंद करणारी व्यक्ती मृताच्या कुटुंबाच्या निकटची.’

साक्षी म्हणजे काय ते समजून घ्यायला मी बरेच दिवस घातले. संगतीसारख्या यंत्रणेत खरं-खोटं कुणी एकजण ठरवत नाही. एक नोंद दुसरीला टेकते, दुसरी तिसरीला. जेवढ्या जास्त नोंदी एकमेकींना धरून, तेवढं ते खरं. आमची ‘तीळ नाही’ ही नोंद दुकानांनी उचलली, पट्ट्यांनी उचलली. त्या हजारो ठिकाणच्या नोंदी झाल्या साक्षी. मग हॉस्पिटलनं त्याच नोंदीवर निकाल दिला की घरात तीळ होता, आणि आता तो निकाल परत आमच्या नोंदीची साक्ष झाला. घरात तीळ होता, म्हणजे मसाला स्वच्छ. मसाला स्वच्छ, म्हणजे घरात तीळ होता. वर लॅबचा कागद. या सगळ्यांच्या विरुद्ध मी, शून्य पूर्णांक तीन शतांश माणूस.

मला वाटलं एकटा आहे म्हणून. बायका सांगतील. पाचसात जणींनी सांगितलं तर वजन वाढेल. यल्लूबाईला गाठलं.

“यल्लूबाई, तुम्ही नोंद करा. मूठ ठेवायचा म्हणून.”

“कसली मूठ?”

“उखळातली हो. मागच्या बाईची.”

“ती व्हय, ती जुन्या डंकाला. स्टीलच्या उखळाला कशाला मूठ? धूतच होतो की आमी.”

“कधी धूत होता? माझ्या कपाळावर लिही म्हणालात ना तुम्ही!”

“ते आपलं चेष्टेनं रं.” तिनं भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं. संगतीनं पहिल्या दिवशीच कामाची पद्धत छापून दिली होती, तीच चिकटवलेली. प्रत्येक बॅचआधी उखळ धुणे. खाली सगळ्यांचे अंगठे. “ह्ये बग. वर्षभर लिवलंय हितं.”

ती घाबरून बोलत असती तर मला कळलं असतं. लहानपणापासनं बघतोय तिला. ती घाबरली नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं.

मग मी अव्वांकडं गेलो. वजन मिळो न मिळो, त्या एका माणसाला कळलं तरी पुरे, असं वाटलं. त्या बाहेरच्या सोप्यात बसल्या होत्या. स्वयंपाकघराला कडी. म्हांत्यानं सांगितलं होतं की अव्वा चुलीजवळ जात नाहीत. कुणाच्या ताटात वाढत नाहीत. स्वतः जेवतात ती कोरडी भाकरी, शेजारणीनं आणून दिलेली.

मी सगळं सांगितलं. मूठ, पाटलीणकाकूंचा मसाला, मानाचं पाकीट, लॅबचा नमुना कुठला घेतात, सगळं. अव्वांनी शेवटपर्यंत ऐकलं. माझा हात धरला.

“तम्मा, तू चांगला हाईस. माझ्यासाठनं एवढा खोटं बोलतोस.”

“खोटं नाही अव्वा. तुमच्या घरात तीळ आलाच नव्हता. तुम्ही मठात दिलात.”

“दिलो की. पन वाटीभर ठेवून घेतलो होतो.”

“कुठं ठेवलात?” मी विचारलं.

“पितळी डब्यात. वरच्या फळीवर,” अव्वा म्हणाल्या. “म्हटलं, शेजारच्या पोराला लाडू करावं, सुनेला कळायला नको. त्यातलाच चमचा मी मसाल्याला घातलो. मला दिसतंय की रे डोळ्यापुढं. चमच्याला दोन दाणे चिकटलेले. पांढरे. मी बघितलो आणि तरी घातलो.”

म्हांत्या दारात उभा होता. “अव्वा, आपल्यात पितळी डबा नाहीच,” तो म्हणाला. “कधीच नव्हता.”

“तुला काय म्हाईत घरातलं?” अव्वा शांतपणे म्हणाल्या. “मी फेकून दिलो तो.”

त्यांनी तो डबा किती बारकाईनं सांगितला. झाकणाला पोचा होता, एका बाजूनं बसायचं नाही. तीनचार आठवड्यांत घडवला होता त्यांनी तो, एका वाक्यावरनं. त्या वाक्यात जेवढे रकाने रिकामे होते तेवढे स्वतःच्या हातानं भरून घेतले होते.

मी अजून बोलायला गेलो तर त्या चिडल्या. पहिल्यांदाच चिडल्या माझ्यावर. “बास कर. माझी पोरगी गेली माझ्या हातनं. एवढं तरी माझं ठेव.”

आम्ही दोघं बाहेर पडलो. नदीकडं चालत गेलो. घाटावर एक बाप पोराला पोहायला शिकवत होता, पोरगं बोंबलत होतं. आम्ही वरच्या पायरीवर बसलो.

म्हांत्या म्हणाला, “दिग्या, परवा ऑफिसात एकानं विचारलं कसं झालं म्हणून. मी काय म्हणालो माहितेय?”

“काय?”

“म्हणालो, अव्वाच्या हातनं चुकून तीळ गेला. सरळ तोंडातनं आलं. म्हणून झाल्यावर मलाच कळंना मी असं का बोललो. आणि आता अव्वा डबा सांगत होती ना, मला तो फळीवर दिसला. पोच्यासकट.”

“म्हांत्या, तूच म्हणालास आत्ता, डबा नव्हता.”

“म्हणालो. पुढच्या महिन्यात म्हणेन का?” त्यानं माझ्याकडं बघितलं. “तुला दिसते का अजून मूठ? खरं सांग.”

मी डोळे मिटले. उखळ आलं. यल्लूबाईचा हात आला, हिरव्या बांगड्या, मिरचीनं लाल झालेली नखं. हात उखळात गेला. आणि उखळ धुतलेलं होतं, चकचकीत, आत पाणी निथळत होतं. मी परत पहिल्यापासनं आणलं. जोर लावला. तेव्हा कुठं तळाला लालभडक ढीग दिसला, मुठीएवढा.

“दिसते,” मी म्हणालो.

तो ओळखून होता. पहिलीपासूनचा दोस्त आहे.

“मग एक काम कर. दर सोमवारी घरी ये. अव्वाला सांग. ती ऐकणार नाही, हाकलून देईल, तरी सांग. सगळं सांग, मूठ, पाकीट, सगळं.”

“येतो.”

“आणि कधी मीच दारात उभा राहून म्हणालो की दिग्या, कशाला उगीच म्हातारीला त्रास देतोस, सगळ्यांना माहितेय काय झालं ते... तर मलापण सांग.”

“सांगीन.”

“मी भांडेन. मारामारी करेन कदाचित.”

“कर.”

“आणि तुझंच बदललं तर?”

खाली ते पोरगं पहिल्यांदा बापाचा हात सोडून चार हात पुढं गेलं आणि बुडायला लागलं, बापानं उचलून घेतलं. म्हांत्या वाट बघत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, बदललं तरी येईन. दर सोमवारी येईन. मला पटत नसलं तरी हेच सांगीन.